‘नादिरशाही’ : एका शब्दाचा अर्थ आणि त्याचे राजकारण

उद्दाम, अनियंत्रित सत्तेसाठी मराठीत ‘नादिरशाही’ हा शब्द रूढ आहे. ‘नादिरशहा’ या नावाला ‘ई’ प्रत्यय लागून तो सिद्ध झाला. ‘निजामशाही’ व ‘आदिलशाही’ हे शब्दही याच घडणीचे. मात्र ती राजवटींची नावे होत. नादिरशहाने महाराष्ट्रावर कधी राज्य केले नाही. दिल्लीतही तो १७३९ मध्ये जेमतेम दोन महिने होता. २२ मार्चची कत्तल आणि नंतरची लूट यांमुळे त्याचे नाव उरले. हिंदी-उर्दूतही रूढ असलेला हा शब्द राजवटीचा नव्हे, वर्तनाच्या रीतीचा वाचक आहे.

त्याच वर्षी मराठी फौजा वसईच्या वेढ्यात गुंतल्या होत्या. भाईंदरच्या पश्चिमेस, चौक येथील धारावीचा किल्ला वसईच्या खाडीच्या मुखावर नजर ठेवून होता. तोही याच मोहिमेत मराठ्यांच्या हाती आला. मे महिन्यात वसई पडली. या परिसराने जवळजवळ दोन शतके पोर्तुगीज अंमल अनुभवला होता, धर्मसत्तेचा जाचही सोसला होता. तरीही ‘फिरंगाण’ हा शब्द मुलखाचाच वाचक राहिला. जुलमाचे सामान्यनाम झाले ते दूरच्या दिल्लीतल्या आक्रमकाचे नाव. अनुभवाची निकटता शब्द घडवतेच असे नाही. सत्ताकेंद्रावरील आघाताची वार्ता सर्वदूर पोहोचते, परगण्यातील जाच परगण्यातच राहतो.

पुढे ‘शाही’ हा अंश सुटा होऊन प्रत्ययासारखा वापरला जाऊ लागला. ‘हुकूमशाही’, ‘झुंडशाही’, ‘नोकरशाही’, इतकेच काय ‘लोकशाही’ या शब्दांत कोणीही शहा नाही. ‘दडपशाही’त तर तो देशी धातूला जोडला गेला आहे. या शब्दांतील अर्थच्छटा वेगळ्या आहेत. ‘हुकूमशाही’ ही शासनव्यवस्था, ‘दडपशाही’ हे तिचे साधन. ‘नादिरशाही’त मात्र एका व्यक्तीची लहर प्रधान असते.

नेमका येथेच समीक्षकाने सावध व्हावयास हवे. एखाद्या आदेशाला ‘नादिरशाही फर्मान’ म्हटले की अन्याय व्यक्तीचा ठरतो, आणि परक्याचाही. नियमांच्या चौकटीतून, सही-शिक्क्यानिशी होणारी सक्ती त्या शब्दाच्या आड निसटते. ‘मोगलाई’ आणि ‘सुलतानी’ यांचाही कल तोच. पुण्याचा कोतवाल घाशीराम १७९१ मध्ये लोकक्षोभात मारला गेला. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकाने त्याचे नाव सर्वतोमुखी केले, तरी त्याच्या नावाची ‘शाही’ रूढ झाली नाही. ‘पेशवाई’ एकाला वैभवाची खूण वाटते, तर दुसऱ्याला जातिजुलमाची. अर्थ बोलणाऱ्याच्या सामाजिक स्थानावरून ठरतो.

तेव्हा जुलमाला आपण कोणते नाव देतो, यासोबतच त्या नावाने कोणाची सुटका होते, हेही शब्दार्थाच्या इतिहासाने विचारले पाहिजे.