सरकारी दवाखान्यातली रांग विधानभवनात कशी पोहोचवायची?

‘सोनोग्राफीची तारीख पुढच्या महिन्यात’, ‘मशीन बंद आहे’, ‘बेड नाही, मोठ्या दवाखान्यात न्या’. ही उत्तरे आपल्या वस्त्यांना पाठ झाली आहेत. हातावर पोट असणाऱ्यासाठी पुढची तारीख म्हणजे बुडालेली आणखी एक मजुरी आणि गाडीभाडे. दोन-तीन फेऱ्यांनंतर माणूस एक तर उपचार सोडतो किंवा व्याजाने पैसे काढून खासगीत जातो. या रांगेचा जाब सरकारला विचारण्याची हक्काची जागा विधिमंडळ आहे. ती कशी वापरायची, हे युवकांनी आणि कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

जाब विचारण्याचा आधार

संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हे राज्यसूचीतले विषय आहेत. म्हणून पहिला प्रश्न आमदाराने विचारायचा असतो. अनुच्छेद 164 नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. अनुच्छेद 47 सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते.

उपचारातला उशीर हा हक्काचा भंग ठरू शकतो. 1992 मध्ये पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी दाखल करून घेतले नाही. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात निकाल दिला. सरकारी रुग्णालयाने वेळेवर तातडीचा उपचार न देणे हा अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि पैशांची अडचण ही सबब चालणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

आरोग्याचा प्रश्न सभागृहात मांडण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. जुलै 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना बाबासाहेबांनी बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे मानले आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा अशी भूमिका घेतली.

आमदारांकडची साधने

- तारांकित प्रश्न: मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, त्यावर उपप्रश्न विचारता येतात.
- अतारांकित प्रश्न: उत्तर फक्त लेखी मिळते. तपशीलवार आकडेवारीसाठी उपयोगी.
- लक्षवेधी सूचना: तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या घटनेसाठी.
- अर्धा तास चर्चा: आधी दिलेल्या उत्तरातून निघालेल्या मुद्द्यावर.
- समित्या: लोकलेखा समिती खर्चाची तपासणी करते, आश्वासन समिती मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करते, तर अनुसूचित जाती कल्याण समिती आपल्या वस्त्यांपर्यंत सेवा पोहोचते का हे विचारू शकते.

प्रश्न कोणत्या खात्याला?

बरेच प्रश्न इथेच वाया जातात. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषद चालवते. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत. मुंबईचे जे. जे. रुग्णालय किंवा इतर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात. केईएम, सायन, नायर ही मुंबई महापालिकेची आहेत. रुग्णाला हे सगळे ‘सरकारी दवाखाने’च वाटतात, पण चुकीच्या खात्याला विचारलेल्या प्रश्नाला ‘ही बाब या विभागाशी संबंधित नाही’ एवढेच उत्तर येते.

उत्तर निसटते कसे?

आपल्या विधिमंडळातले प्रश्न साधारणपणे ‘हे खरे आहे काय’ या साच्यात विचारले जातात. उत्तर येते, ‘हे खरे नाही’ किंवा ‘अंशतः खरे आहे’. त्यापुढच्या भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही’. ‘रुग्णांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय’ असे विचारले की सरकारला सुटणे सोपे जाते, कारण हाल मोजलेले नसतात.

इंग्लंडमध्ये नियोजित उपचार 18 आठवड्यांत सुरू व्हावेत असे प्रमाण ठरलेले आहे आणि प्रतीक्षेचे आकडे दर महिन्याला जाहीर होतात. हे प्रमाण तिथेही अनेक वर्षे पाळले गेलेले नाही. पण आकडा समोर असल्यामुळे खासदार सरकारला त्यावर धरू शकतात. आपल्याकडे रुग्णालयनिहाय प्रतीक्षेचा असा आकडा नियमित जाहीर होत नाही. रांग रोज दिसते, कागदावर मात्र ती नसते.

म्हणून मोठी दुर्घटना घडली तरच चर्चा होते. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यात 12 नवजात अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा प्रश्न ऐरणीवर आला. रिक्त पदे काही एका रात्रीत तयार होत नाहीत. ती आधीच्या प्रत्येक अधिवेशनात विचारता आली असती.

मोजता येईल असा प्रश्न

आमदारांना निवेदन देताना प्रश्न असा लिहून द्या: अमुक उपजिल्हा रुग्णालयात गेल्या सहा महिन्यांत सोनोग्राफीसाठी किती रुग्णांची नोंद झाली? त्यांपैकी किती जणांना सात दिवसांनंतरची तारीख मिळाली? यंत्र किती दिवस बंद होते? रेडिओलॉजिस्टचे पद कधीपासून रिक्त आहे आणि ते कोणत्या तारखेपर्यंत भरणार?

पोहोचण्याबद्दलही असेच विचारता येते. सपाट भागात 30 हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात 20 हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, हा मापदंड आहे. तालुक्यात तशी किती केंद्रे हवीत आणि किती आहेत? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चे कलम 25 अडथळामुक्त प्रवेश आणि उपचारात प्राधान्य सांगते. रुग्णालयात रॅम्प, चालू लिफ्ट आणि दिव्यांगांसाठी प्राधान्याची सोय आहे का?

कार्यकर्त्यांनी काय करावे?

विहारात किंवा समाजमंदिरात एक वही ठेवा. रुग्णाचे नाव न लिहिता रुग्णालय, विभाग, गेल्याची तारीख, मिळालेली तारीख आणि नाकारल्याचे कारण एवढेच नोंदवा. केसपेपरची प्रत रुग्णाच्या संमतीनेच घ्या. सोबत माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात शुल्क 10 रुपये आहे, अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत हवा. उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीतही हीच नोंद मांडा.

तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बरेच आधी द्यावे लागतात. म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर आझाद मैदानात किंवा नागपुरात निवेदन देऊन त्या अधिवेशनाचा प्रश्न बनत नाही. वही दोन महिने आधी आमदारांच्या कार्यालयात पोहोचली पाहिजे, आणि एकाच नव्हे, सत्ताधारी व विरोधी दोन्ही बाजूंच्या आमदारांकडे. मंत्र्यांनी ‘पद तीन महिन्यांत भरू’ असे सांगितले, तर ती तारीख वहीत लिहा. तीन महिन्यांनी रुग्णालयात जाऊन पाहा आणि पद रिकामे असेल तर आमदारांमार्फत आश्वासन समितीला कळवा.