पावशी, सोलाणं आणि मशीन



आपल्या नागपूरच्या संत्र्याचं एक बरं आहे. साल सैल असते, अंगठा लावला की निघते. आलू, कैरी, कोहळं यांचं तसं नाही. ती सोलण्यात बायकांचे किती तास गेले, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आता वाळवणाचे दिवस आले. आलूचे चिप्स करणाऱ्या गटांत एकच प्रश्न निघतो: साल काढायचं मशीन घ्यायचं का? म्हणून आज या अवजारांचा इतिहास सांगते.

आधी घरची पावशी. पुण्याकडे तिला विळी म्हणतात. पाट पायाखाली दाबायचा आणि भाजी दोन्ही हातांनी पात्यावर फिरवायची. सुरी धरली की हात चालतो, पावशीवर भाजी चालते. चिरायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण आलूची साल तिच्यावर जाड निघते, आणि खाली बसून गुडघे धरतात ते वेगळंच.

अमेरिकेत थंडीसाठी टोपल्याच्या टोपल्या सफरचंदं सोलून वाळवत. आपण पापडाला जमतो, तशा तिथे शेजारणी सोलायला जमत. 1803 साली मोझेस कोट्स या माणसानं सफरचंद सोलण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. दांडा फिरवला की सफरचंद फिरायचं आणि पातं साल काढायचं. वीज नव्हती, पण काम ढीगभर होतं, म्हणून यंत्र आलं.

आपल्या हातातलं सोलाणं, ज्याला बाजारात पीलर म्हणतात, त्याचा एक प्रसिद्ध नमुना स्वित्झर्लंडचा. 1947 साली आल्फ्रेड नेवेचेर्झाल यांनी ॲल्युमिनियमचं हलकं सोलाणं काढलं. त्याचं पातं हलतं, म्हणून आलूच्या गोलाईवरून सरकतं आणि पातळ साल काढतं. त्या देशानं 2004 साली या सोलाण्याचं पोस्टाचं तिकीट काढलं! स्वयंपाकघरातल्या वस्तूला एवढा मान क्वचितच मिळतो.

पुढची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. अमेरिकेतल्या सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवात होता. बारीक दांड्याचं सोलाणं त्यांच्या हातात धरवेना. म्हणून जाड, मऊ रबरी मुठीचं सोलाणं तयार झालं आणि 1990 साली बाजारात आलं. दुखऱ्या हातासाठी केलेली मूठ चांगल्या हातांनाही आवडली.

आता विजेचं मशीन. त्याच्या पिंपाला आतून खरखरीत अस्तर असतं. आलू त्यात गरगर फिरतात, घासले जातात आणि पाण्यानं साल वाहून जाते. वेळ खूप वाचतो. पण आपला हात डोळा दिसला की तेवढाच कोरतो. मशीनला डोळा दिसत नाही. खोल डोळे निघेपर्यंत फिरवलं तर चांगला गरही जातो. लहानमोठे आलू एकत्र टाकले तर लहान आणखी लहान होतात.

मग मशीन वाईट का? मुळीच नाही. आपल्या विदर्भातच पाहा. तूर जात्यावर भरडून डाळ करणं किती कष्टाचं, हे आपल्या आजीला विचारा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं मिनी दाल मिल तयार केली. तीही घासूनच साल काढते. गावातच डाळ होऊ लागली आणि किती तरी बचत गटांना त्यातून धंदा मिळाला. कारण तूर पोत्यांनी होती.

म्हणून बायांनो, कर्ज काढण्याआधी एक करा. पाच किलो आलू सोलाण्यानं सोला, पाच किलो मशीनमधून काढून पाहा. दोन्हीकडचे सोललेले आलू तोला, लागलेला वेळ लिहा. वर्षातले किती दिवस मशीन चालेल, तेही मांडा. उन्हाळ्यातले पंधराच दिवस असतील, तर दोन गटांनी मिळून एक घ्या.

आणि मशीन परवडत नसेल, तर निदान गटातल्या ज्या काकूंची बोटं दुखतात, त्यांच्यासाठी जाड मुठीचं एक सोलाणं आणा. ते कर्जाशिवाय येतं.

येते मैत्रिणींनो. नमस्कार!