पुरवठा साखळी, जागतिक (छत्रपती संभाजीनगरचा वाहनउद्योग)

आराखडा एका देशात, सुटे भाग दुसऱ्या देशांत आणि जुळणी तिसऱ्याच ठिकाणी, अशी वाटलेली कामे एका वेळापत्रकात व एका गुणवत्ता-मापात बांधणारी व्यवस्था. मराठवाड्यात तिचे ठळक उदाहरण छत्रपती संभाजीनगर येथे दिसते. पुंडलिकनगर-गारखेडा या निवासी भागाच्या पूर्वेस चिकलठाणा व पुढे शेंद्रा, तर शहराच्या पश्चिमेस वाळूज या औद्योगिक वसाहती आहेत.

उगम : बजाज ऑटोचा वाळूज कारखाना 1985 मध्ये सुरू झाला. त्याला भाग पुरवणारे ‘व्हेंडर’ आसपासच उभे राहिले. भाग जुळणीच्या गरजेनुसार थोड्या थोड्या खेपांत येत राहिले, तर मोठा साठा करावा लागत नाही. मात्र एका पुरवठादाराकडे काम अडले, तर पुढची सगळी ओळ थांबते. त्यामुळे जवळीक आणि वक्तशीरपणा हेच या साखळीचे भांडवल ठरले.

परदेशी तंत्रज्ञान : स्कोडा ऑटोने 2001 मध्ये शेंद्र्यात जुळणी सुरू केली. परदेशातून आलेले सुटे संच येथे जोडून गाड्या तयार होऊ लागल्या. पर्किन्स या ब्रिटिश इंजिन कंपनीचा शेंद्रा येथील कारखाना 2015 मध्ये सुरू झाला. अशा साखळीत आराखडा, माप व चाचणीची पद्धत सर्व कारखान्यांत सारखी ठेवली जाते. नमुना-भाग तपासून ग्राहक कंपनीने मंजुरी दिल्यावरच नियमित उत्पादन सुरू होते. देशोदेशींच्या कारखान्यांचा मेळ मुख्यतः या शिस्तीमुळे बसतो.

उलटा प्रवाह : वाळूजच्या पुरवठादारांनी पुढे परदेशातील ज्ञानच विकत घेतले. अनुरंग जैन यांच्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजने इटली व जर्मनीत कारखाने घेतले. 2020 मध्ये इटलीतील अ‍ॅडलर (क्लच) व ग्रिमेका (ब्रेक) या कंपन्या तिच्याकडे आल्या. तरंग जैन यांच्या व्हॅरॉकने 2012 मध्ये अमेरिकी व्हिस्टिऑनचा वाहनदिव्यांचा व्यवसाय घेतला. 2022 मध्ये युरोप-अमेरिकेतील चारचाकी दिव्यांचा व्यवसाय तिने फ्रान्सच्या प्लास्टिक ऑम्नियमला विकला. जागतिक विस्तार टिकवणे हे तो मिळवण्याइतकेच कठीण असते, हे या व्यवहारातून दिसते.

पायाभूत सोयी व मनुष्यबळ : दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील ‘ऑरिक’ ही शेंद्रा-बिडकीन नगरी आणि समृद्धी महामार्ग यांनी या भागाचा मुंबईकडील बंदरांशी संबंध दृढ केला आहे. चिकलठाण्यातील इंडो-जर्मन टूल रूम डाय व साचे बनवण्याचे शिक्षण देते, तर शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 पासून अभियंते घडवत आहे. यंत्रे व आराखडे बाहेरून आणता येतात. साचा अचूक बसवणारे, चुकलेले माप वेळीच ओळखणारे हात मात्र इथेच घडवावे लागतात. म्हणून या साखळीतील शहराचे स्थान कारखान्यांच्या संख्येइतकेच अशा शिक्षणावर अवलंबून आहे.