पूर्वविद्यमान आजार आणि प्रवास विमा

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, दमा, कर्करोग यांसारखा आजार पॉलिसी घेण्यापूर्वीपासून असलेल्या व्यक्तीने प्रवास विमा काढताना त्या आजारास पूर्वविद्यमान आजार असे म्हणतात. अशा प्रवाशास निरोगी प्रवाशाहून अधिक, काही वेळा अनेक पटींनी अधिक हप्ता भरावा लागतो. काहींना विमा नाकारला जातो, तर काहींना मूळ आजार वगळून पॉलिसी दिली जाते. आजार वगळलेली पॉलिसी घेताना स्वस्त वाटते; परंतु त्याच आजाराने परदेशात रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास सारा खर्च प्रवाशावर येतो. हप्त्यातील या तफावतीविषयी ब्रिटनमध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले आहेत. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने तेथील व्यवस्थेचा आणि त्यानंतर भारतातून परदेशी जाणाऱ्या प्रवाशांच्या स्थितीचा परामर्श घेतला आहे.

संज्ञेची व्याप्ती

'पूर्वविद्यमान' या भारदस्त शब्दाचा पॉलिसीतील अर्थ सामान्य समजुतीपेक्षा पुष्कळ व्यापक असतो. औषधाने आटोक्यात असलेला रक्तदाब, काही वर्षांपूर्वी बरा झालेला कर्करोग, तसेच निदान न झालेली पण तपासणी चालू असलेली लक्षणेही त्यात येऊ शकतात. 'मला काही त्रास नाही' असे प्रवाशाला प्रामाणिकपणे वाटत असले, तरी विमाकर्त्याचा प्रश्न 'त्रास आहे का' असा नसून 'निदान, उपचार किंवा औषध कधी झाले का' असा असतो. किती वर्षे मागे जाऊन विचारायचे, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. काही आजारांबाबत मात्र कालमर्यादा न घालता 'कधीही' असाच प्रश्न असतो.

हप्ता कसा ठरतो

हप्त्याची आकारणी मुख्यतः दोन अंदाजांवर होते : प्रवासात आजार उचल खाण्याची शक्यता किती, आणि तसे झाल्यास त्या देशात उपचाराला किती खर्च येईल. दुसरा घटक प्रवाशांच्या सहसा ध्यानात येत नाही. ब्रिटिश कंपन्या जगाचे 'युरोप', 'अमेरिका, कॅनडा व कॅरिबियन वगळून जग' आणि 'संपूर्ण जग' असे विभाग पाडतात, ते यामुळेच. अमेरिकेतील रुग्णालयीन उपचार अत्यंत महाग असल्याने एकाच हृदयरोग्याचा स्पेनसाठीचा व फ्लोरिडासाठीचा हप्ता यांत मोठे अंतर पडते. रुग्णाला स्ट्रेचरवर, डॉक्टर किंवा परिचारिकेच्या सोबतीने विमानातून मायदेशी आणावे लागल्यास विमानातील अनेक आसने अडवावी लागतात; हा खर्चही हप्त्यात गृहीत धरलेला असतो.

ब्रिटनमध्ये प्रवाशाला संगणकीय किंवा दूरध्वनीवरील वैद्यकीय प्रश्नावली भरावी लागते. मधुमेह्यास इन्शुलिन चालू आहे का, अलीकडे औषधाची मात्रा बदलली का, रुग्णालयात दाखल व्हावे लागले का, असे प्रश्न येतात. उत्तरांना गुण दिले जातात. वय, मुक्कामाचे दिवस व ठिकाण यांची भर पडून हप्ता निघतो. अनेक वर्षे स्थिर असलेला आजार तुलनेने स्वस्तात संरक्षित होतो. उलट, कारण न कळलेल्या छातीदुखीची तपासणी बाकी असलेल्या माणसास विमा मिळणे कठीण जाते. हे वरवर विचित्र भासते. परंतु निदान झालेल्या आजाराचा धोका मोजता येतो, न झालेल्याचा येत नाही. डॉक्टरांचा सल्ला डावलून किंवा उपचार घेण्याच्याच हेतूने केलेल्या प्रवासाला सर्वसाधारण पॉलिसी लागू होत नाही.

एकाच व्यक्तीला वेगवेगळ्या कंपन्यांकडून मिळणारे दर फार भिन्न असतात. सर्वसाधारण ग्राहकांसाठीच्या कंपनीपाशी एखाद्या आजाराची पुरेशी माहिती नसेल, तर ती मोठा दर लावते किंवा सरळ नकार देते. विशिष्ट आजारांच्या रुग्णांसाठीच काम करणारी कंपनी तीच जोखीम कमी दरात घेऊ शकते. पहिला नकार किंवा पहिला भरमसाट दर हाच अंतिम समजून अनेक रुग्ण प्रवासाचा बेत सोडून देत किंवा विम्याशिवायच निघत.

ब्रिटनमधील नियमन

२०१० च्या समता कायद्यानुसार अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई आहे. कर्करोगाचाही त्या व्याख्येत समावेश होतो. तथापि, विश्वासार्ह माहितीच्या आधारे व वाजवी कारणाने विम्याचे वेगळे दर लावण्यास हाच कायदा मुभा देतो. त्यामुळे 'जादा हप्ता म्हणजे बेकायदा भेदभाव' असे सरसकट म्हणता येत नाही.

फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या नियामक संस्थेने २०१७ मध्ये, मुख्यतः कर्करोग झालेल्या व होऊन गेलेल्या व्यक्तींच्या अडचणी डोळ्यांसमोर ठेवून, या प्रश्नावर मते मागवली. त्यातून झालेला नियम २१ एप्रिल २०२१ पासून अमलात आला. आजारामुळे विमा नाकारल्यास, आजार वगळल्यास किंवा आजारापोटी ठरावीक रकमेहून अधिक जादा हप्ता लावल्यास, गंभीर आजारांसाठी विमा देणाऱ्या कंपन्यांच्या सूचीची माहिती ग्राहकास देणे विक्रेत्यावर बंधनकारक झाले. ही रक्कम सुरुवातीला १०० पौंड ठेवण्यात आली. या नियमाने हप्त्यावर कमाल मर्यादा घातलेली नाही. ग्राहकाला पुढचे दार कोणते, एवढेच तो दाखवतो.

२०२१ पासून ब्रिटिश रहिवाशांना मिळणाऱ्या ग्लोबल हेल्थ इन्शुरन्स कार्डामुळे युरोपीय संघातील देशांत आवश्यक सरकारी उपचार स्थानिकांच्याच अटींवर मिळतात. मायदेशी परत आणण्याचा खर्च व खासगी उपचार त्यात नसल्याने ते विम्याची जागा घेऊ शकत नाही.

माहिती न देण्याचे परिणाम

हप्ता वाचवण्यासाठी आजार लपवण्याचा मोह मोठा असतो. एप्रिल २०१३ पासून लागू झालेल्या ग्राहक विमा कायद्याने ब्रिटनमध्ये याबाबत दोन स्थिती वेगळ्या केल्या. जाणूनबुजून अथवा बेपर्वाईने चुकीचे उत्तर दिल्यास कंपनी पॉलिसी रद्द ठरवून दावा नाकारू शकते. निष्काळजीपणाने चूक झाली असल्यास, खरी माहिती मिळाली असती तर कंपनीने काय केले असते हे पाहिले जाते. समजा, १२० पौंडांऐवजी ६० पौंड हप्ता आकारला गेला, तर दाव्याची निम्मी रक्कम मिळू शकते. मात्र खरी माहिती कळल्यावर कंपनीने पॉलिसीच दिली नसती, तर काहीच मिळत नाही. कंपनीच्या निर्णयावर समाधान न झाल्यास ग्राहक फायनान्शियल ऑम्बुड्समन सर्व्हिसकडे विनामूल्य तक्रार करू शकतो. पॉलिसी घेतल्यानंतर व निघण्यापूर्वी प्रकृतीत झालेला बदल कळवण्याची अटही बहुतेक पॉलिसींत असते. ती विसरल्यामुळेही दावे अडकतात.

भारतातून परदेशी जाणारे प्रवासी

अमेरिका, ब्रिटन वा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मुलांकडे काही महिने राहण्यास जाणारे आईवडील हा महाराष्ट्रातील शहरांतून निघणाऱ्या प्रवाशांचा एक मोठा वर्ग होय. साठी-सत्तरीतील या प्रवाशांपैकी अनेकांना मधुमेह वा रक्तदाब असतो आणि मुक्काम लांबचा असतो. वय, आजार व कालावधी हे हप्ता वाढवणारे तिन्ही घटक येथे एकत्र येतात.

देशांतर्गत आरोग्य विम्यात आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाल असतो; २०२४ च्या नियमांनुसार तो कमाल ३६ महिने आहे. अल्पमुदतीच्या प्रवास पॉलिसीत प्रतीक्षा करण्यास वावच नसतो. आजार एक तर समाविष्ट असतो किंवा नसतो. अनेक भारतीय पॉलिसींत आधीच्या आजाराचे उपचार केवळ जिवावरच्या प्रसंगी आणि विमारकमेच्या एका लहान भागापुरतेच दिले जातात. म्हणून पॉलिसीवर छापलेली एकूण रक्कम पाहून निश्चिंत होणे धोक्याचे ठरते.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण अनिवार्य आहे. मात्र व्हिसा मिळाला म्हणजे प्रवाशाचा स्वतःचा आजार पॉलिसीत समाविष्ट आहे, असे सिद्ध होत नाही. अमेरिकेत मुलांनी पालकांसाठी तेथील कंपन्यांकडून घेतलेल्या पॉलिसींत 'अक्यूट ऑनसेट' हे कलम आढळते. जुना आजार पूर्वसूचनेविना अचानक बळावला आणि साधारणतः २४ तासांच्या आत उपचार घेतले, तरच भरपाई मिळते. हळूहळू खालावलेली प्रकृती त्यात बसत नाही. ठरावीक वयानंतर हे संरक्षण कमी किंवा बंद होते. अमेरिकेतील १९८६ च्या कायद्यामुळे आणीबाणीच्या विभागात आलेल्या रुग्णाची तपासणी करून प्रकृती स्थिर करणे रुग्णालयांना बंधनकारक आहे, परंतु त्याचे बिल माफ होत नाही. नेहमीची औषधे व नियमित तपासण्या यांचा खर्च सर्वसाधारण प्रवास विम्यात येत नसल्याने मुक्काम पुरेल इतका औषधसाठा डॉक्टरांच्या चिठ्ठीसह सोबत नेला जातो.