संग्रहाबाहेरचा शाहीर

मराठी कवितेचा इतिहास आम्ही काव्यसंग्रहांच्या आधारे शिकतो आणि शिकवतो. उपनगरांतील रस्त्यांवर गायली गेलेली शाहिरी त्यात क्वचितच येते.

विलास घोगरे मुलुंडच्या झोपडपट्टीत राहत. आव्हान नाट्य मंचाचे ते शाहीर. झोपड्या पाडल्या जाण्यावरील आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटात त्यांचे गाणे आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधासाठी जमलेल्यांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. १० जण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी घोगरे यांनी आपले जीवन संपवले. या मृत्यूपासून सुरू झालेले पटवर्धनांचे चित्रण ‘जय भीम कॉम्रेड’ या रूपाने २०११ मध्ये, १४ वर्षांनी पूर्ण झाले.

शाहिरी छापली की शब्द उरतात. आवाज, डफ आणि समोरची माणसे गळून जातात. उरलेल्या शब्दांना ‘प्रचारकी’ ठरवणे मग आम्हाला सोपे जाते. घोगरे यांचा आवाज आज ऐकू येतो तो कॅमेऱ्यामुळे. आमच्या वाङ्मयेतिहासाने तो जपला नाही, हे आम्ही मान्य करायला हवे.