मुष्टिफंड : मूठभर दाण्यांचे दान

लोकोपयोगी कार्य उभे करणे कठीण. परंतु ते वर्षानुवर्षे चालविणे त्याहून कठीण. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एका पंक्तीस जेवू लागली.

उत्सवाची वर्गणी वर्षातून एकदा गोळा होते. मुलांना भूक मात्र रोज लागते. वसतिगृहाची कोठी रिकामी झाली तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. पण एका माउलीच्या त्यागावर संस्था किती दिवस चालणार? तिला कायमचा आधार हवा होता. तो आधार मुष्टिफंडाने दिला.

घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढावे व ते मुलांच्या अन्नासाठी जमा व्हावे, अशी ही साधी पद्धत. शेतकऱ्याच्या घरी रोकड नसली तरी कणगीत दाणे असत. मूठभर दिल्याने कोणाची चूल अडत नसे. पैशाचा व्यवहार पुरुषांकडे असला, तरी ही मूठ गृहिणीच्या हातची होती. गरिबातील गरीब घरही त्यामुळे दाते ठरले, आणि ज्या घरची मूठ गेली त्या घरास संस्था आपली वाटू लागली.

मोठ्या देणगीदारांची नावे फलकावर कोरली जातात, ते योग्यच आहे. त्या मुठींची नावे मात्र कोठेही कोरलेली नाहीत. जीर्णोद्धार मोठ्या देणग्यांनी पूर्ण होतो. पुढची दिवाबत्ती, नित्यपूजा व डागडुजी घरोघरच्या मुठीवरच चालते.