शेततळ्याचा अंदाज आणि चिवट मापे

जालना तालुक्यातले कडवंची गाव पाणलोटाच्या कामासाठी ओळखले जाते. १९९६ पासून तिथे इंडो-जर्मन कार्यक्रमाखाली बांधबंदिस्ती झाली, पुढे शेततळी आली आणि त्यांच्या भरवशावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. अशा शिवारात नवे तळे खोदण्याआधी विचारायचा प्रश्न एकच असतो: ओघळीचे पाणी तळ्याला पुरेल का? त्याचे उत्तर सिम्युलेशनने शोधता येते. त्यात संगणक जुन्या पावसाच्या नोंदींवरून काल्पनिक पावसाळे रचतो आणि प्रत्येक पावसाळ्यात तळ्यापर्यंत किती अपधाव येईल ते काढतो. फेऱ्या हजारो होतात, पण शेतकऱ्याच्या हाती दोन-तीन आकडेच द्यायचे असतात.

कागदावर करता येईल असे नऊ फेऱ्यांचे उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, एकक घनमीटर: ११५०, १३००, १४२०, १५००, १६००, १६८०, १७५०, १९०० आणि ८६००. शेवटच्या फेरीत ढगफुटीसारखा पाऊस आला आहे. तळे ३० × ३० × ३ मीटरचे, बाजूंचा उतार १:१, म्हणजे क्षमता २१९६ घनमीटर. पाझर आणि बाष्पीभवन तूर्त बाजूला ठेवू.

या नऊ आकड्यांची सरासरी २३२२ येते. म्हणजे तळे भरून वाहील! प्रत्यक्षात नवांपैकी आठ फेऱ्यांत ते काठाला लागतच नाही. प्रमाण विचलन २३६५ निघते. सरासरीतून ते वजा केले तर पाणी शून्याच्याही खाली जाते. मध्यक मात्र १६००. ढगफुटीची फेरी काढून टाकली तर सरासरी १५३८ वर कोसळते, मध्यक जेमतेम १५५० वर सरकतो.

पसरणीसाठीही असेच माप हवे. प्रत्येक आकड्याचे १६०० पासूनचे अंतर काढायचे, चिन्ह सोडून द्यायचे आणि त्या अंतरांचा पुन्हा मध्यक घ्यायचा. हे मध्यक-विचलन. इथे ते १८० येते. प्रसामान्य वितरणातल्या प्रमाण विचलनाशी तुलना करायची तर त्याला १.४८२६ ने गुणतात. उत्तर सुमारे २६७. आठ फेऱ्यांची खरी पसरण या आकड्यात दिसते, २३६५ मध्ये दिसत नाही.

मापाचा चिवटपणा मोजता येतो. किती टक्के आकडे बिघडले म्हणजे माप वाटेल तिकडे ओढले जाईल? मोठ्या नमुन्यात सरासरी आणि प्रमाण विचलनासाठी हा वाटा शून्य, कारण एकच आकडा पुरतो. चतुर्थकांमधल्या अंतरासाठी तो २५ टक्के, मध्यकासाठी आणि मध्यक-विचलनासाठी ५० टक्के. संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी १९६० मध्ये दाखवले की हजारात दोनच निरीक्षणे तिप्पट पसरणीच्या वितरणातून आली, तरी सरासरी विचलनावरची (सरासरीपासूनच्या अंतरांच्या सरासरीवरची) प्रमाण विचलनाची अचूकतेतली आघाडी संपते. मराठवाड्यात पावसाळ्यातले बरेचसे पाणी मोजक्या जोरदार सरींत पडते. इथे वितरणाची लांब शेपटी हा अपवाद मानता येत नाही.

इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची वाटते. पर्जन्यमापकाच्या नोंदीत दशांशचिन्ह सरकून ६.५ चे ६५ मिलिमीटर झाले असतील, तर ती चूक आहे. ती मूळ नोंदीतच दुरुस्त करावी. ८६०० ची फेरी चूक नाही. मध्यक तिला गप्प बसवतो, पुसून टाकत नाही. दुसरा धोका उलट बाजूचा. अपधावाऐवजी तळ्यातला साठा मोजला आणि निम्म्याहून अधिक फेऱ्यांत तळे काठोकाठ भरले, तर मध्यक-विचलन शून्य येते. वाचणाऱ्याला वाटते, काहीच अनिश्चितता नाही. कोरड्या फेऱ्या त्या शून्यामागे दडून राहतात.

म्हणून बागायतदाराला मध्यकासोबत खालचा दशमकही सांगावा: दहापैकी नऊ पावसाळ्यांत किमान किती पाणी येईल. एप्रिल-मेमध्ये वेली जगवायच्या असतील तर लागवडीचे क्षेत्र त्या आकड्यावर ठरवावे. २०१२ चा दुष्काळ ज्यांनी टँकरवर काढला, त्यांना याचे कारण समजावून सांगावे लागत नाही. अनेक वर्षांचा एकूण अपधाव किंवा भूजल पुनर्भरणाची बेरीज हवी असेल, तिथे सरासरीच वापरावी लागते. मध्यकाला वर्षांच्या संख्येने गुणून बेरीज मिळत नाही. आणि सांडवा किती रुंद ठेवायचा हे मध्यकाने बाजूला ठेवलेल्या त्या नवव्या फेरीला विचारावे लागते. तिच्यात तळे तुडुंब भरल्यावरही ६४०४ घनमीटर पाणी बाहेर पडायची वाट शोधत असते, आणि सांडवा अरुंद असेल तर ते बांध फोडून निघते.